अठरा अंशांवरच्या खैरनार मॅडम

"तुमच्याकडे मांजराची मिशी सापडली तर केरात टाकू नका हं. मला आणून द्या."

ओळख ना पाळख, जिन्यात अडवून एखादी बाई असं म्हणाली तर माणसाने काय समजायचं? मी करणी समजलो. तसा मी वीज खात्यात अडतीस वर्षं काढलेला माणूस. करणी, भानामती असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. तरीपण घरात शिरताच सुमनला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीला, बजावलं, "तिसऱ्या मजल्यावर ती नवीन बाई राहायला आलीय ना, तिच्याकडचं काही खाऊ नकोस."

सुमन म्हणाली, "आता सांगून काय उपयोग? सकाळीच दोन मांडे खाल्ले. लय गोड होते."

तर या डॉक्टर इंदुमती खैरनार. डॉक्टर म्हणजे औषधाच्या नव्हेत. हे कळायला आमच्या इंदिरानगरातल्या सोसायटीला सहा महिने लागले. तोवर दुसऱ्या मजल्यावरच्या देवरे आजींनी त्यांना तीन वेळा गुडघा दाखवून घेतला होता. मॅडमनी तो तिन्ही वेळा मन लावून पाहिला आणि "आकार छान आहे" एवढंच सांगितलं. आजींना तेवढ्याने बरं वाटलं. त्या अजून म्हणतात की बाईच्या हाताला गुण आहे.

मॅडम मूळच्या सटाण्याकडच्या. लग्न केलेलं नाही. शहरातल्या एका जुन्या कॉलेजात जिवाणूंचं शास्त्र शिकवतात. नेसायला सुती साडी, पायात धावायचे बूट आणि पिशवीत शाळेतल्या मुलांची असते तशी पत्र्याची कंपासपेटी. त्या पेटीत कंपास नाही, कोनमापक नाही. कागदाच्या बारीक पुड्यांत मिशा, आणि प्रत्येक पुडीवर पत्ता. "बोका, जिना, पांढरी." "ए विंग, पिवळी मांजर, जाड." एकदा मी मदत म्हणून सुचवलं की तो बोका माझ्या पायाशी येऊन बसतो, धरतो आणि दोन उपटून देतो. मॅडमचा चेहराच उतरला.

"छे छे! स्वतःहून गळलेलीच हवी."

"का? उपटलेलीत काही दोष येतो का?"

"त्याला दुखतं ना!"

मी काहीतरी शास्त्रीय कारण ऐकायच्या तयारीत होतो. त्यांच्या बाबतीत माझं नेहमी असंच व्हायचं. शास्त्र म्हणून कान टवकारावेत तर भलतंच काही निघायचं, आणि गप्पा म्हणून ऐकावं तर त्यात शास्त्र असायचं.

त्या नेमकं करतात काय, हे मला सोसायटीच्या वार्षिक सभेत कळलं. कळलं म्हणजे सांगितलं गेलं. सभेला नेहमीप्रमाणे कोरम नव्हता. नेहमीप्रमाणे सेक्रेटरींनी सभा अर्धा तास तहकूब केली आणि आम्ही पाचसहा जण गच्चीवर खुर्च्यांत बसून राहिलो. मॅडम शेजारीच होत्या. एकदम खुलल्या.

"सोनवणे साहेब, माझं काम हेच आहे. कोरम."

"तुम्हाला सेक्रेटरी व्हायचंय?"

"नाही हो. कांद्यात एक जिवाणू शिरतो बघा. एकटादुकटा असला की गुमान पडून राहतो. कांदा सडवायची हत्यारं बनवायच्या कृती त्याच्या जनुकांत लिहिलेल्या असतात, पण त्या कृतींवर एक प्रोटीन बसलेलं असतं. घट्ट धरून. उघडू देत नाही."

"प्रोटीन म्हणजे डाळीत असतं ते?"

"डाळीत असतं तेही प्रोटीनच. पण तिथे ते कामावर नसतं."

मी मान हलवली. वीज खात्यात एक गोष्ट शिकलो होतो. साहेब बोलत असताना मान हलवत राहायचं, मागाहून कोणाला तरी विचारायचं.

"प्रत्येक जिवाणू एक बारीकसा रेणू बाहेर सोडत असतो. मी इथे आहे, एवढंच सांगायला. वस्ती वाढली की त्या रेणूंची गर्दी होते. मग एखादा त्या प्रोटीनच्या अंगातल्या खोबणीत जाऊन बसतो. प्रोटीन अंग वळवतं, पकड सुटते, आणि सगळेच्या सगळे एका वेळी कांद्यावर तुटून पडतात. माझं म्हणणं एवढंच, की ते अंग वळवतं कुठे?"

"म्हणजे कोरम झाल्याशिवाय ते काहीच करत नाहीत?"

"काहीच नाही."

"आणि अर्ध्या तासाने तहकूब सभा घेत नाहीत? तिला तर कोरम लागत नाही."

मी आपलं गमतीने बोललो. मॅडम मात्र गंभीर झाल्या, पेन काढलं आणि तळहातावर काहीतरी लिहून घेतलं. पुढची सबंध सभा त्या तळहाताकडे बघत होत्या. रंगाच्या ठेकेदाराचा ठराव त्यांच्या एका मताने पास झाला, कारण हात वर करून तो त्या उजेडात धरत होत्या.

"आकार कळला की स्वभाव कळतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माणसांनाही तेच लावायच्या. मी खुर्चीत कसा बसतो, सुमन पदर कोणत्या बाजूला खोचते, सेक्रेटरी बोलताना कुठून वाकतात, सगळं बघायच्या. मला एकदा म्हणाल्या, "तुम्ही वरून ताठ, पण मानेपाशी बिजागरी आहे." मी आठवडाभर आरशात मान बघत होतो.

एकदा त्यांच्याबरोबर लासलगावला जाण्याचा योग आला. मला तिकडे एका लग्नाची पत्रिका द्यायची होती आणि त्यांना मार्केट यार्डातून कांदे हवे होते. मी म्हटलं, चला, पारखून देतो. यार्डात ट्रॅक्टरांच्या रांगा, लिलावाचा आरडाओरडा, आणि त्यात या बाई प्रत्येक ढिगापाशी वाकून कांदा नाकाला लावतायत.

"मॅडम, काय पाहिजे?" एका व्यापाऱ्याने विचारलं.

"सडका."

"सडका? तिकडं उकिरड्यावर लय पडलाय. फुकाट न्या."

"तो नको. बाहेरून चांगला दिसणारा आणि आतून सडलेला हवा. तुमच्याकडे असेल."

व्यापारी लालबुंद झाला. "आपल्या मालात तसला नाय निघायचा! कोन म्हनलं तुमाला?"

मी मॅडमना दंडाला धरून बाजूला नेलं. परत येताना त्या गाडीत हिरमुसून बसल्या होत्या. "मी तर कौतुकानेच विचारत होते," असं निफाड येईपर्यंत चारदा म्हणाल्या. कौतुक कशाचं, ते मला आजही उमगलेलं नाही.

आता त्या कपाटाचं सांगायला हवं. माझा भाचा विंचूरकडे एका वाइनच्या कारखान्यात आहे. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा त्याने आम्हाला एक छोटं कपाट भेट दिलं. काचेचं दार, आत निळा दिवा, वाइनच्या बाटल्या ठेवायचं. मी उभ्या जन्मात दारूला शिवलेलो नाही. भाचा म्हणाला, "मामा, शोभेला ठेवा." सुमनने त्यात कोथिंबीर ठेवली. ती अठरा अंशांवर दुसऱ्या दिवशी माना टाकायची, पण निळ्या उजेडात दिसायची छान. खिडकीतून तो उजेड दिसून समोरच्या इमारतीत माझं नाव कशासाठी झालं, ते सांगायला नको.

मॅडम मांड्यांचं ताट परत न्यायला आल्या आणि त्या कपाटासमोर थबकल्या.

"यात किती अंश असतात?"

"अठरा."

"कायम?"

"कायम म्हणजे कायम. स्टॅबिलायझर मी स्वतः लावलाय."

"आवाज कसा येत नाही?"

"त्यात कॉम्प्रेसरच नाही. नुसत्या विजेवर थंड होतं. धडधड नाही, काही नाही."

मॅडमनी सुमनकडे एक वाटी पाणी मागितलं. मला वाटलं, तहान लागली. त्यांनी ती वाटी कपाटावर ठेवली, गुडघ्यांवर बसल्या आणि पाण्याकडे टक लावून पाहू लागल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पाहुणी बाई जमिनीवर बसलेली, यजमानांनी काय करावं? आम्हीही बसलो. तिघेही वाटीकडे बघत होतो. शेवटी सुमन हळूच म्हणाली, "चहा टाकू का?" तर मॅडमनी तोंडावर बोट ठेवलं. वीसेक मिनिटांनी त्या उठल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"पाणी हलत नाही," त्या म्हणाल्या. "कॉलेजचं यंत्र दर दहा मिनिटांनी थरथरतं. त्यात माझी अकरा वर्षं गेली."

गोष्ट अशी होती. ते प्रोटीन इतकं बारीक की कुठल्याच सूक्ष्मदर्शकात त्याचा आकार दिसत नाही. त्याचे स्फटिक करावे लागतात आणि स्फटिकावर क्ष-किरण सोडावे लागतात. मग किरण कसे विखुरतात त्यावरून आकार काढायचा. स्फटिक म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर खडीसाखर आली. "तसंच," मॅडम म्हणाल्या, "फक्त साखरेला व्हायचं असतं आणि याला व्हायचं नसतं." प्रोटीनचे थेंब एका ट्रेमध्ये उलटे टांगून ठेवायचे आणि वाट बघायची. थेंब हलले तर बिघडतं, ऊब लागली तर बिघडतं. आणि चुकून एखादा कणभर वेडावाकडा स्फटिक आला, तर त्याला मांजराची मिशी टेकवून ती नव्या थेंबातून ओढायची. मिशीला लागलेल्या कणांवर नवे चांगले स्फटिक धरतात.

"म्हणजे विरजण!" सुमन म्हणाली.

मॅडमनी तिचे दोन्ही हात धरले. "ताई, तीन वर्षं मी मुलांना हे शिकवतेय, हा शब्द मला का नाही सुचला?"

तेव्हापासून कोथिंबीर गेली आणि ट्रे आला. चोवीस खळग्यांचा, वर पारदर्शक झाकण. मी आधी नीट चौकशी केली. "यात ते जिवाणू आहेत का? आमच्या घरात सडबिड पसरायची नाही ना?" एकही जिवाणू नाही, नुसतं शुद्ध प्रोटीन, तेही निर्जीव, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. मग रोज संध्याकाळी सहाला त्या येऊ लागल्या. दोन्ही हातांनी ट्रे अलगद काढायचा, कपाटावर ठेवायचा, टॉर्च मारून भिंगातून बघायचं. बघताना त्या निर्जीव वस्तूशी अहिराणीत बोलायचं. "काय व्हयनं रे भाऊ? येस का नही?" म्हणजे, काय झालं रे, येतोस की नाही?

"निर्जीवाशी कसलं बोलता?" मी म्हटलं.

"तुम्ही मीटरशी बोलता ते मला वरपर्यंत ऐकू येतं."

हे खरं होतं. मी विषय बदलला.

ट्रे बघायला त्यांना पाच मिनिटं लागायची आणि चहाला चाळीस. मी घड्याळ लावून बघितलं आहे, जुनी सवय. चहाला त्या सुमनशी काय वाट्टेल ते बोलायच्या. वांग्याचं भरीत, गावाकडची चुलती, खोबणीत अडकलेला रेणू. मला यातलं कुठे काय संपलं आणि कुठे काय सुरू झालं, कधी समजलं नाही. सुमनला सगळं समजायचं. "काय, आले का स्फटिक?" असं मी विचारलं की मात्र उत्तर एकच. "बघू." आले आहेत म्हटलं की ते विरघळतात, अशी त्यांची श्रद्धा. एवढ्या शिकलेल्या बाईची! फोटो निघून आकार हातात येईपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही.

भाद्रपदात एकदा चहा पिता पिता त्या म्हणाल्या, "दसऱ्यानंतर आठ दिवसांनी माझी पाळी आलीय." दुसऱ्या राज्यात क्ष-किरणांचं एक भलंमोठं यंत्र आहे, त्यावर एक दिवस मिळाला होता. किती वेळा अर्ज करून, ते त्यांनाच ठाऊक. डिसेंबरअखेर त्या निवृत्त होणार होत्या. त्यानंतर त्यांची खोली दुसऱ्या कोणाला जाणार, फ्रीजर रिकामा होणार. "तोवर मिठाच्या खड्याएवढा एक चांगला स्फटिक मिळाला पाहिजे. एकच पुरे. नाहीतर ते अंग कुठे वळवतं, ते मला कळायचंच नाही." हे बोलताना त्या कपात बघत होत्या. सुमनने त्यांच्या बशीत आणखी एक खारी ठेवली.

आणि मग आली खंडेनवमी.

वाचकहो, इथून पुढे माझी लाज आहे, पण सांगायला तर हवी. खंडेनवमीला आमच्या खात्यात पक्कड, टेस्टर, शिडी, सगळ्यांची पूजा व्हायची. वर्षभर राबणाऱ्या यंत्राला त्या दिवशी विश्रांती द्यायची, झाडूनपुसून हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. निवृत्तीनंतरही मी घरी हे पाळतो. मेन स्विच बंद करतो आणि मीटर, इन्व्हर्टर, मिक्सर, पंखे, सगळ्यांचं यथासांग करतो. त्या दिवशी सुमन फुलं आणायला बाजारात गेलेली. मला वाटलं, बिचारं ते कपाट सात महिने अखंड चालू आहे, परक्या बाईसाठी राबतंय, त्यालाच का वगळायचं? ट्रे काढून खिडकीत ठेवला. कपाट आतून-बाहेरून ओल्या फडक्याने पुसलं, दार उघडं टाकून वाळू दिलं. वाळेस्तोवर बाकीची यंत्रं उरकली. मग ट्रेलाही मान म्हणून त्याच्या झाकणावर हळदकुंकवाची बोटं ओढली, एक झेंडू ठेवला, हात जोडले. तास-दीड तास गेला असेल. ऑक्टोबरचं ऊन, आमची खिडकी दक्षिणेची. सगळं होतं तसं परत ठेवून मी मोठ्या समाधानाने जेवलो.

सहाला मॅडम आल्या. त्यांनी ट्रे काढला आणि झाकणाकडे बघत राहिल्या.

"कुंकू कोणी लावलं?"

"मी!" मी सगळा विधी सांगितला. अभिमानानेच सांगितला. फडकं, खिडकी, झेंडू, काही सोडलं नाही. सांगताना सुमनचा चेहरा बदलत गेला, तो मला दिसत होता, पण का बदलतोय ते कळेना.

"उन्हात?" मॅडमनी विचारलं.

"तासभर. फार तर दीड."

त्यांनी पदराने झाकण पुसलं. टॉर्च लावला. भिंगातून पहिला खळगा बघितला, दुसरा बघितला, असे चोवीस. त्या दिवशी अहिराणी नाही, काही नाही. सुमन मला म्हणाली, "काय करून बसलात हो तुम्ही? त्याला ऊन चालत नाय, एवढंबी कळंना?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी उठून कपाटाचे अंश बघितले, अठराच होते.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग टॉर्च बंद करून म्हणाल्या, "अहो, घाबरू नका. काही बिघडलं नाही. यात काही नव्हतंच."

"नव्हतंच म्हणजे?"

"थेंब आषाढातच वाळले होते. मी उगाच येत होते."

"उगाच?"

"चहाला."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि ते उतरल्या उतरल्या मला राग आला. माझा स्वभावच असा आहे, भीती गेली की तिच्या जागी राग येतो. महिनोन्महिने आमच्या कोथिंबिरीची जागा अडवली, त्या निळ्या दिव्यापायी समोरच्या इमारतीत मी दारुडा ठरलो, आणि आत काय, वाळलेले थेंब? "चहाच प्यायचा होता तर सरळ यायचं होतं," मी म्हणालो. "एवढा ट्रेचा तमाशा कशाला?"

"चुकलंच माझं," मॅडम म्हणाल्या. ट्रे उचलून त्या वर गेल्या. कप तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दसरा. सहाला त्या आल्या नाहीत. सोनं द्यायला सगळी सोसायटी येऊन गेली, त्या नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सुमन माझ्याशी कामापुरतं बोलत होती. "तुमच्या जिभेला काय हाड हाय का?" एवढंच एकदा म्हणाली. मी म्हटलं, खोटं त्या बोलल्या, आणि बोलणी मी खायची? पण सहा वाजले की माझाच डोळा दाराकडे जायचा. त्यांचं भिंग कपाटावर विसरून राहिलं होतं. आठ दिवसांनी ते खिशात घालून मी कॉलेजात गेलो. त्यांचं घर वरच असताना कॉलेजात का गेलो, ते मला विचारू नका.

मॅडम वर्गावर होत्या. खोलीत त्यांची विद्यार्थिनी होती, रोहिणी. कुठल्या सोसायटीतला, हे सांगताच तिने खुर्ची दिली.

"वाइनच्या कपाटवाले काका तुम्हीच? काका, आमचं नशीबच फुटकं हो. आज त्या यंत्रावर मॅडमची पाळी होती. कॅन्सल करावी लागली."

"हो ना. थेंब वाळलेले होते म्हणे."

"वाळलेले? काय बोलताय काका?" तिने मोबाइल काढला. "हा बघा, मॅडमनी सप्तमीला संध्याकाळी पाठवलेला फोटो. तुमच्याच घरून, भिंगातून काढलेला."

मी चष्मा लावला. एका गोल थेंबात चार खडे होते. कडा सरळ, कोपरे स्वच्छ, कोणी पैलू पाडून ठेवल्यासारखे. खाली मॅडमचा एकच शब्द होता, "बघू."

"इतके सुंदर आम्हाला कधीच मिळाले नव्हते," रोहिणी म्हणाली. "आणि नवमीला कॉलेजात आणताना मॅडमच्या हातून रिक्षात ट्रे पडला. स्वतःच सांगितलं त्यांनी सगळ्यांना. म्हणाल्या, म्हातारी झाले, हात थरथरतात."

मी भिंग टेबलावर ठेवलं. काहीतरी बोलून बाहेर पडलो असणार. कॉलेज रोडवर माझी स्कूटर मला पाच मिनिटं सापडेना, ती समोरच उभी होती. अकरा वर्षं त्या बाईने ज्याची वाट बघितली ते मी खिडकीत उन्हाला ठेवलं, वर झेंडू वाहिला, आणि शेवटी तमाशा करता म्हणून तिलाच सुनावलं. आणि तिने माझं नाव कुठे घेतलं नाही. मला रडू आलं. रस्त्यात रडायची मला सवय नाही.

संध्याकाळी मी तिसरा मजला चढलो. मॅडमनी दार उघडलं. मी आत गेलो नाही, उंबऱ्यातच म्हणालो, "मला कळलं. रोहिणीने फोटो दाखवला."

त्या दारातून बाजूला झाल्या. मग म्हणाल्या, "पोरीला पोटात काही ठेवता येत नाही."

"माझ्या हातून फार मोठं पाप झालं, मॅडम."

"पाप कसलं? पूजा केलीत. माझ्या ट्रेची आजवर कोणी पूजा केली नव्हती." त्या हसल्या, पण ते हसणं टिकलं नाही. "चांगले होते हो ते. फार चांगले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही."

त्या आत गेल्या आणि कंपासपेटी घेऊन आल्या. फ्रीजरमध्ये प्रोटीनची एक बारीक नळी उरली आहे, त्या म्हणाल्या, जेमतेम एका ट्रेपुरती. यंत्रावरची पाळी गेली ती गेली, पुन्हा अर्ज केला तर उन्हाळ्यात मिळेल किंवा नाही. तोवर कॉलेजची खोलीही नसेल. "पण ट्रे लावायला खोली कुठे लागते? अठरा अंश लागतात."

"ते आहेत," मी म्हटलं. "सहा वाजलेत. सुमनने आधण ठेवलंय."

त्यांनी धावायचे बूट घातले, दाराला कडी लावली. जिन्यातून उतरताना माझ्या मनातला घोळ काही सुटेना. खोटं बोलायचंच होतं तर वाटेल ते बोलता आलं असतं. मशीन खराब होतं, प्रोटीन कच्चं होतं, मला काय कळणार होतं? चहाचंच कारण कशाला? मी दुसऱ्या मजल्यावर थांबलो.

"मॅडम, एक विचारू? माझ्यासाठी एवढं खोटं कशाला बोललात?"

त्या कठड्याला धरून दोन पायऱ्या खाली उतरल्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "सगळं खोटं नव्हतं, भाऊ. थेंब वाळले होते, तेवढंच खोटं."

खाली सुमनने दार उघडंच ठेवलं होतं.